मिरचीच्या वाणाचे नाव आणि व्यापारचिन्ह : एक विवेचन

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये गिनेस या विक्रमनोंद संस्थेने 'पेपर एक्स' या मिरचीची जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद केली. तिचा सरासरी तिखटपणा २६,९३,००० स्कोव्हिल एकके इतका मोजला गेला. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील फोर्ट मिल येथील पैदासकार एड करी यांनी हे वाण सुमारे दहा वर्षांच्या निवडीतून सिद्ध केले. त्यापूर्वीचा विक्रमही त्यांच्याच 'कॅरोलायना रीपर' या मिरचीच्या नावावर होता. मात्र दोन्ही वाणांच्या वाटचालीत एक लक्षणीय अंतर आहे. रीपरचे बी काही वर्षांत जगभर पसरले. 'पेपर एक्स'चे बी वा फळ मात्र विक्रमाची नोंद झाली तेव्हा करी यांनी विक्रीस काढलेच नव्हते. ती मिरची ग्राहकाला मिळत होती ती केवळ त्यांच्या अनुमतीने तयार झालेल्या सॉसच्या बाटलीतून.

आपले वाण असे कुलुपात ठेवण्याची गरज एका यशस्वी पैदासकाराला का वाटावी? पहिल्या वाणाचे बी आणि त्याचे नाव या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातून निसटल्या होत्या, हे याचे उत्तर आहे. बियाण्यावर आणि नावावर मिळणारे हक्क एक नाहीत. त्यांचे कायदे निराळे, मुदती निराळ्या आणि हेतूही निराळे आहेत. मिरचीच्या व्यापारात या हक्कांची सरमिसळ वारंवार होते. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे या सरमिसळीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि भारतीय कायद्याने याबाबत घेतलेल्या भूमिकेचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. एका नावाकडून तीन अपेक्षा

बाजारात मिरचीला लावलेले नाव तीन निरनिराळ्या प्रश्नांचे उत्तर देऊ शकते. हे वाण कोणते, हा पहिला प्रश्न. ही मिरची कोठली, हा दुसरा. हा माल कोणाचा, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वाणाचे नामाभिधान, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे भौगोलिक मानांकन आणि तिसऱ्याचे उत्तर म्हणजे व्यापारचिन्ह होय.

वाणाचे नाव ही सार्वजनिक वस्तू आहे. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहिले जाते आणि ते कोणालाही वापरता येते. व्यापारचिन्हाला ही संहिता वनस्पतीचे नाव मानीतच नाही. वनस्पतींच्या नव्या वाणांच्या संरक्षणासाठी १९६१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही, म्हणजे 'यूपोव्ह' कराराने, हेच तत्त्व स्वीकारले. संरक्षित वाणाला एक जातिवाचक नाव असले पाहिजे आणि हक्काची मुदत संपल्यानंतरही ते नाव सर्वांना निर्वेधपणे वापरता आले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. विक्रेत्याला नावाच्या जोडीला आपले व्यापारचिन्ह लावता येते. परंतु वाणाचे मूळ नाव ग्राहकाला सहज ओळखू आले पाहिजे.

सफरचंदाच्या व्यापारात ही जोडी स्पष्ट दिसते. 'क्रिप्स पिंक' हे वाणाचे नाव आहे आणि 'पिंक लेडी' हे त्याच्या निवडक फळांसाठी वापरलेले व्यापारचिन्ह आहे. पहिले नाव कोणत्याही बागायतदाराला वापरता येते. दुसरे केवळ परवानाधारकाला. मिरचीच्या बाबतीत मात्र असे दुहेरी नामकरण क्वचितच काटेकोरपणे पाळले गेले. परिणामी एकाच शब्दाने तिन्ही कामे करावीत, अशी अपेक्षा निर्माण झाली आणि वाद उद्भवले.

हे वाद समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मिरचीच्या नावांत अचूकता मुळातच कमी आहे. अमेरिका खंडातील हे फळ युरोपीय दर्यावर्दींनी काळ्या मिरीच्या नावाने ओळखले आणि इंग्रजीत दोहोंचे नाव एकच राहिले. आपला 'मिरची' हा शब्दही मिऱ्याशीच नाते सांगतो. अतितिखट मिरच्या ज्या प्रजातीत मोडतात, तिला जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये 'कॅप्सिकम चायनेन्स' असे नाव दिले. वस्तुतः चीनशी तिचा मूळ संबंध नाही. ती अमेरिका खंडातील आहे. शास्त्रीय नावातील ही चूक नामकरणाच्या नियमांमुळे टिकून राहिली, परंतु तिच्यावर कोणाची मालकी नसल्याने तिने कोणाचे नुकसानही केले नाही. व्यापारी नावाचे तसे नसते.

२. मुदतीचा हक्क : 'रेड सॅव्हिना'

'रेड सॅव्हिना' ही कॅलिफोर्नियात निवडलेली हबानेरो प्रकारची मिरची. १९९४ मध्ये ५,७७,००० स्कोव्हिल एककांसह तिने जागतिक विक्रम नोंदविला आणि तो दीर्घकाळ अबाधित राहिला. या वाणाला अमेरिकेच्या १९७० च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली प्रमाणपत्र मिळाले होते. हा कायदा मुळात बियांपासून वाढणाऱ्या पिकांसाठी होता. १९३० चा वनस्पती पेटंट कायदा कलम, छाटणी यांसारख्या मार्गांनी वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींपुरता असल्यामुळे मिरचीला तो सहसा उपयोगी पडत नाही.

या संरक्षणाची मुदत २०११ मध्ये संपली. त्यानंतर कोणीही 'रेड सॅव्हिना'चे बी वाढवून ते त्याच नावाने विकू शकतो. पैदासकाराला काही वर्षांची मक्तेदारी द्यावयाची आणि नंतर वाण व नाव दोन्ही समाजाच्या स्वाधीन करावयाचे, हा या व्यवस्थेमागील सौदा होय.

व्यापारचिन्हाला अशी अखेरची मुदत नसते. बहुतेक देशांत ते दर दहा वर्षांनी पुन्हा नूतनीकृत करता येते. त्यामुळे वाणाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले, तर वाणावरील हक्क संपल्यावरही नावाच्या आधारे मक्तेदारी चालू ठेवता येईल. बी मोकळे, पण ते बी कशाचे हे सांगण्यास मनाई, अशी ती विचित्र अवस्था होईल. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००६ मध्ये पेनिंग्टन सीड या कंपनीच्या प्रकरणात हाच धोका टाळला. 'रेबेल' हे गवताच्या एका वाणाचे नाव होते. ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मागितले असता, वाणाचे नाव हे जातिवाचक असते व म्हणून ते व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

३. वाणाचे नाव बाटलीवर : 'टबॅस्को'

मिरचीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध व्यापारचिन्ह मात्र या तत्त्वाच्या सीमारेषेवर उभे आहे. लुइझियाना राज्यातील एव्हरी बेटावर एडमंड मॅकइलहेनी यांनी १८६८ मध्ये मिरचीच्या सॉसचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. 'टबॅस्को' हे मेक्सिकोतील एका राज्याचे नाव आहे. 'कॅप्सिकम फ्रूटेसेन्स' या प्रजातीतील एका वाणाचेही ते नाव आहे. मॅकइलहेनी कंपनीने १९०६ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. त्याच मिरचीपासून सॉस करणारे इतर उत्पादक लुइझियानात होतेच. बर्नार्ड ट्रॅपी हे त्यांपैकी एक, आणि ते पूर्वी मॅकइलहेनी यांच्याच सेवेत होते. साहजिकच खटले झाले.

प्रतिस्पर्ध्यांचे म्हणणे सरळ होते. ज्या मिरचीचे नाव टबॅस्को, तिच्या सॉसला टबॅस्को सॉस म्हणण्यात गैर काय? तर्कदृष्ट्या हे म्हणणे बिनतोड वाटते. तथापि, १९१८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. दीर्घकालीन वापरामुळे सॉसच्या संदर्भात हा शब्द ग्राहकांच्या मनात एका विशिष्ट उत्पादकाशी जोडला गेला आहे, हे त्यामागील कारण. कायद्याच्या भाषेत यास शब्दाला प्राप्त झालेला दुय्यम अर्थ असे म्हणतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हा हक्क सॉससारख्या मालापुरता आहे. टबॅस्को मिरचीचे बी आजही त्याच नावाने विकले जाते व कोणीही ते पेरू शकतो. व्यापारचिन्ह झाडाला स्पर्श करीत नाही. ते केवळ ठरावीक वर्गातील मालावरील नावाला स्पर्श करते. दुसरी गोष्ट अशी की, त्या मिरचीपासून सॉस करणाऱ्या लहान उत्पादकाला आपल्या बाटलीवर नाव म्हणून तो शब्द मिरवता येत नाही. शब्दाचा अर्थ एका बाजूला झुकला आणि त्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजली.

४. नावाची लोकप्रियता हीच अडचण : 'कॅरोलायना रीपर'

करी यांच्या मळ्यात या मिरचीची पहिली ओळख 'एचपी २२ बी' अशी होती. ही मूळची कुंडी व रोप यांच्या क्रमांकावरून ठेवलेली खूण होती. लोकांना आकर्षित करणारे 'स्मोकिन एड्स कॅरोलायना रीपर' हे नाव नंतर आले. २०१३ मध्ये गिनेसने याच नावाने १५,६९,३०० एककांचा विक्रम नोंदविला. २०१७ मध्ये नव्या मोजणीने तो १६,४१,१८३ वर गेला. करी यांनी नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला.

वस्तुतः सफरचंदाच्या धर्तीवर 'एचपी २२ बी' हे वाणाचे नाव आणि 'कॅरोलायना रीपर' हे चिन्ह अशी विभागणी शक्य होती. परंतु कुंडीचा क्रमांक कोणाच्या जिभेवर बसणार? विक्रमाच्या बातम्यांनी, बियांच्या याद्यांनी आणि हौशी बागायतदारांनी झाडालाच रीपर म्हणण्यास प्रारंभ केला. अनुमतीवाचून हे नाव वापरणाऱ्या सॉस, मसाले व खाऊच्या उत्पादनांची संख्या प्रचंड वाढली. प्रत्येकाविरुद्ध कारवाई करणे खर्चाचे. न करावी तर नाव जातिवाचक होऊन हक्क क्षीण होण्याची भीती. व्यापारचिन्हाचा मालक नावाच्या यशामुळेच अडचणीत येतो, तो असा.

पैदासकाराची बाजू येथे निव्वळ स्वार्थाची म्हणता येणार नाही. मिरचीत परपरागीकरणाचे प्रमाण बरेच असते. शेजारी दुसरे वाण असेल तर मधमाश्यांमुळे बी मिसळते आणि पुढील पिढी मूळ वाणासारखी राहत नाही. अशा बियांच्या पाकिटावर प्रसिद्ध नाव छापले गेले, की ग्राहक फसतो आणि अपकीर्ती मूळ पैदासकाराची होते. नावावर नियंत्रण असणे हा गुणवत्ता राखण्याचा एक मार्ग आहे, हा त्यांचा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याने अस्सल रीपरचे शुद्ध बी वाढविले, त्याला ती मिरची रीपर आहे असे म्हणण्यास बंदी केली, तर सत्य सांगण्यासच बंदी केल्यासारखे होते. या पेचातून सुटण्यासाठी करी यांनी 'पेपर एक्स'च्या बाबतीत तिसरा मार्ग पत्करला, तो म्हणजे गुप्ततेचा. कायदा जे देऊ शकत नाही, ते कुंपण देते. मात्र या मार्गाने वाण शेतकऱ्यांच्या हाती पोहोचतच नाही.

५. समूहाचे वाण, परक्याचे नामकरण : 'भूत जोलोकिया'

करी यांनी सांगितलेल्या वंशावळीनुसार रीपरच्या पूर्वजांपैकी एक मिरची नागा गटातील आहे. या गटाचे माहेर ईशान्य भारत व लगतचा प्रदेश हे होय. आसामात हिला भूत जोलोकिया, बिह जोलोकिया वा नागा जोलोकिया म्हणतात, नागालँडमध्ये नागा मिर्चा वा राजा मिर्चा, मणिपुरात उमोरोक. तेजपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये हिचा तिखटपणा ८,५५,००० एकके असल्याचे जाहीर केले होते. जागतिक मान्यता मात्र न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाच्या मोजणीनंतर मिळाली. तेथील मिरची संशोधन संस्थेकडे २००१ मध्ये भारतातून बी पोहोचले, पॉल बॉसलँड यांच्या मार्गदर्शनाखाली ते वाढविले गेले आणि २००७ मध्ये १०,०१,३०४ एककांसह 'भूत जोलोकिया' हे नाव विक्रमाच्या यादीत गेले.

यात नामकरणाच्या दृष्टीने दोन परिणाम घडले. पहिला म्हणजे, अनेक समाजांनी अनेक नावांनी जोपासलेल्या आणि शेतागणिक थोड्याफार बदलणाऱ्या स्थानिक वाणाला शास्त्रीय लेखनात एकेरी अवतरणचिन्हांतील एक निश्चित नाव मिळाले. उरलेली नावे आपोआप पर्यायवाची ठरली. दुसरा परिणाम भाषांतराचा. आसामी नावातील 'भूत' या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक पिशाच्चवाचक, दुसरी भूतान-भोट प्रदेशाशी जोडणारी. इंग्रजीने पहिली उचलली आणि 'घोस्ट पेपर' हे नाव जगभर रूढ झाले. या इंग्रजी नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचा ईशान्येतील शेतकऱ्याशी कोणताही कायदेशीर संबंध उरत नाही. तो शब्द स्थळ सांगत नाही, समाज सांगत नाही आणि त्यावर कोणाचा सामूहिक हक्कही नाही.

६. स्थळाचे नाव : संरक्षण आणि मर्यादा

समूहाच्या हक्कासाठी उपलब्ध असलेले साधन म्हणजे भौगोलिक मानांकन. फ्रान्सच्या बास्क प्रदेशातील एस्पेलेट मिरचीला २००० मध्ये राष्ट्रीय आणि २००२ मध्ये युरोपीय पातळीवर असे संरक्षण मिळाले. तेथे वाणाचे नाव 'गोरिया' आणि स्थळाचे नाव 'एस्पेलेट' ही दोन निराळी ठेवली गेली आहेत. गोरियाचे बी अन्यत्र पेरता येईल. परंतु तिच्या फळाला एस्पेलेटची मिरची म्हणता येणार नाही. तीन प्रश्नांची उत्तरे तीन शब्दांत विभागण्याचा हा आदर्श नमुना आहे.

न्यू मेक्सिकोतील हॅच या लहानशा गावाची स्थिती वेगळी आहे. 'हॅच' नावाचे एकच असे वाण नाही. त्या खोऱ्यात पिकणाऱ्या अनेक वाणांना बाजारात हे नाव लावले जाते. एका कंपनीने तो शब्द व्यापारचिन्ह म्हणून मागितला तेव्हा अन्य उत्पादकांनी हरकत घेतली. राज्याने २०११ मध्ये कायदा करून न्यू मेक्सिकोबाहेरील मिरचीला त्या राज्याच्या नावाने विकण्यास मनाई केली. तेथील राज्य विद्यापीठाने आपल्या वाणांना 'न्यूमेक्स' हा उपसर्ग लावण्याची पद्धत पाडली आहे. आपल्याकडील 'पुसा ज्वाला', 'अर्का लोहित', 'फुले ज्योती', 'कोकण कीर्ती' ही नावे याच जातीची होत. पहिला शब्द संस्थेचा, दुसरा वाणाचा. या नावांतून श्रेय मिळते, पण वापरावर बंधन येत नाही.

भारतात नागा मिर्चाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे कर्नाटकातील ब्याडगी, महाराष्ट्रातील भिवापूर आणि गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोल येथील मिरच्यांनाही ते लाभले. भौगोलिक मानांकन कायदा, १९९९ नुसार अशा निर्देशक नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येत नाही. तथापि, या संरक्षणाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ते नोंदलेल्या नावाचे असते, वाणाचे नसते. ब्याडगी मिरचीसारखी सुरकुत्यांची, गडद रंगाची मिरची अन्यत्र पिकवून निराळ्या नावाने विकली तर हा कायदा आड येत नाही. भारतातील नोंदणीचा अंमल परदेशात आपोआप होत नाही. आणि 'नागा मिर्चा'च्या नोंदीमुळे 'घोस्ट पेपर' हा शब्द परत मिळत नाही.

७. भारतीय कायद्याची भूमिका

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याने नामकरणाच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले आहे. कलम १७ नुसार प्रत्येक नोंदणीय वाणाला एकच, वेगळे ओळखू येईल असे नामाभिधान देणे बंधनकारक आहे. आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ मध्ये काहीही असले तरी असे नामाभिधान व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येणार नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. अमेरिकेत जे तत्त्व न्यायनिर्णयांतून आकारास आले, ते येथे संसदेने थेट लिहून ठेवले. केवळ अंकांचे, दिशाभूल करणारे, समाजाच्या धार्मिक भावना दुखावणारे नाव नाकारण्याची तरतूद आहे. स्थलनामाचा वापर प्रामाणिक असल्याची निबंधकाची खात्री पटली तरच तसे नाव स्वीकारले जाते. मिरचीसारख्या पिकाला मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मुदत १५ वर्षे आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम ३९ अधिक महत्त्वाचे आहे. संरक्षित वाणाचेही बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क त्याला आहे. अपवाद एकच : ते त्याला 'ब्रँडेड' बियाणे म्हणून, म्हणजे संरक्षित वाणाचे असल्याची चिठ्ठी लावून पाकिटबंद स्वरूपात विकता येत नाही. कायद्याने बी आणि नाव यांच्यातील रेषा येथे नेमकी आखली आहे. बी शेतकऱ्याचेही, छापील नावावरील व्यापारी लाभ मात्र पैदासकाराचा. ही तडजोड परिपूर्ण नसेल, परंतु दोन्ही बाजूंच्या न्याय्य अपेक्षांची दखल घेणारी आहे.

याच अधिनियमाखाली शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांचीही नोंदणी होऊ शकते. मात्र नोंदणीसाठी वाणाचे वर्णन, त्याचे नाव आणि त्या नावाचा पूर्वापार वापर यांचा पुरावा लागतो. गावोगावच्या मिरच्यांची नावे बहुतांशी मौखिक व्यवहारातच असतात. नोंद नसलेले नाव परक्याच्या अर्जाला आडवे येऊ शकत नाही, ही खरी उणीव आहे.

समारोप

वरील उदाहरणांवरून असे दिसते की, वाणाचे नाव, स्थळाचे नाव आणि व्यापारचिन्ह ही तिन्ही साधने आपापल्या जागी उपयुक्त आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की कोणाचा ना कोणाचा हक्क डावलला जातो. 'टबॅस्को'मध्ये तो लहान उत्पादकाचा होता, 'रीपर'मध्ये काही अंशी पैदासकाराचा आणि 'घोस्ट पेपर'मध्ये ज्यांनी ते वाण पिढ्यानपिढ्या राखले त्या समाजांचा. व्यापारचिन्हाने विक्रेत्याच्या शब्दाचे रक्षण करावे. झाडाचे नाव मात्र सर्वांचे राहिले पाहिजे.

महाविद्यालयांना या विषयात करण्याजोगे एक काम समोर आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवह्या ठेवल्या जातात. वनस्पतिशास्त्र, भाषा, वाणिज्य आणि विधी या विभागांतील अध्यापकांनी परिसरातील मिरच्यांची स्थानिक नावे, त्यांचे पर्याय, ती वापरणारे समाज, झाडाची व फळाची लक्षणे यांची एकत्रित नोंद त्यांत करविली, तर तो भविष्यातील नोंदणीसाठी भक्कम आधार ठरेल. लवंगी, संकेश्वरी यांसारखी नावे आपण बाजारात रोज उच्चारतो. प्रत्येक नाव वाण सांगते की स्थळ, की केवळ फळाचा आकार, एवढे जरी आज तपासून लिहून ठेवले, तरी उद्या त्या नावाच्या मालकीचा प्रश्न उपस्थित झाल्यास उत्तर देण्यासाठी आपल्या हाती पुरावा असेल.